शमशोनाचे तीन नट

नटाला सहा बाजू असतात. गेल्या खंडेनवमीला मच्छिंद्रमामांनी शमशोनाच्या तिन्ही नटांना कुंकू लावलं, तेव्हा ठिपके दाराकडच्या बाजूंवर होते. हे मला नक्की आठवतं, कारण दारातून येणाऱ्या उन्हात ते ओले चमकत होते. यंदा श्रावणात मी शेड झाडायला गेले, तेव्हा तिन्ही ठिपके भिंतीकडे वळलेले होते.

तिन्ही, आणि सारखेच.

शमशोन म्हणजे एक हत्यार. माझे वडील, एबनेझर मिस्तरी, आपल्या हत्यारांना पवित्र शास्त्रातली नावं द्यायचे. शिरूरला मिशनच्या जुन्या आवाराला लागून आमचं घर, आणि घरामागे पत्र्याची शेड. तिथे ते जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांचं खालचं काम करायचे. दोन माणसं बसतील एवढ्या, जमिनीला पोट टेकलेल्या त्या गाड्या पुण्याहून, कधी नाशिकहून यायच्या. त्यांचे सस्पेन्शनचे भाग काढायला लागणारी हत्यारं साठ वर्षांपूर्वी कधीतरी कंपनीने आपल्या विक्रेत्यांना दिली असतील. शिरूरला ती कोण देणार? म्हणून पप्पा स्वतः बनवायचे. दौंडच्या भंगारवाल्याकडून रेल्वेचं लोखंड आणायचं, कापायचं, घासायचं. सांध्यातली रबरी बुशं दाबून बसवायची मोठी चौकट म्हणजे गोल्याथ, शास्त्रातला राक्षसी योद्धा. सांध्यात ठोकायची दोन दातांची पाचर म्हणजे याएल, कारण शास्त्रातल्या याएलने मेख ठोकली होती.

"शास्त्र म्हणजे काय पान्यांची हजेरी आहे का?" आई म्हणायची. माझी आई, दयाबाई, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची, तिला हे अजिबात पटायचं नाही.

"अगं, नाव दिलं की हत्यार हरवत नाही," पप्पा म्हणायचे. "हाक मारता येते."

शास्त्रातल्या अचाट ताकदीच्या माणसाचं नाव असलं, तरी शमशोन सगळ्यांत साधा. दोन जाड पट्ट्या, रुळांचे सांधे जोडायच्या पट्टीतून कापलेल्या. एक खाली, एक वर. दोन्हींमधून जाणारे आट्यांचे तीन बार आणि वर तीन नट. मधे गाडीची स्प्रिंग उभी करायची आणि लांब दांड्याच्या पान्याने नट आवळत जायचं. स्प्रिंग दबते, आखूड होते, मग गाडीत आपल्या जागी बसते. दबलेल्या स्प्रिंगमध्ये चांगल्या पोसलेल्या म्हशीच्या वजनाइतका जोर कोंडलेला असतो. म्हणून पप्पांचा नियम होता, एकाला दिलं की तिघांना द्यायचं. पहिल्याला पाव फेरा, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला पाव, पुन्हा पहिल्याला. नाहीतर वरची पट्टी तिरकी होते आणि स्प्रिंग बाजूने निसटते. तिन्ही बारांवर त्यांनी कानशीने एकेक खाच पाडली होती. नट त्या खाचेपुढे न्यायचा नाही. घरी पाडलेले आटे तिथपर्यंतच भरवशाचे.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी एक स्प्रिंग शमशोनात आवळून ठेवली. कवठे येमाईच्या पृथ्वीराज यांच्या हिरव्या गाडीची. गाडी स्टँडवर उभी होती, पुढचं डावं चाक काढलेलं. सकाळी बसवू, असं ठरलं. पण सकाळी मच्छिंद्रमामा राहू गावाहून झेंडूची माळ घेऊन आले. ते पप्पांबरोबर वीस वर्षं काम करत होते आणि खंडेनवमीला हत्यारं पूजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आम्ही ख्रिस्ती, पण पप्पांनी त्यांना कधी अडवलं नाही. मामा हत्यारं मांडायचे, हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मालकाने पहिलं हत्यार आपल्या हाताने उचलायचं, की मग काम सुरू.

त्या दुपारी पप्पा शेडमध्ये आपल्या लोखंडी खुर्चीत बसले होते. चहा देऊन आई घरात गेली आणि कप परत न्यायला आली, तेव्हा चहा तसाच होता आणि पप्पा गेलेले होते.

हत्यारं कुणी उचलली नाहीत. शमशोन टेबलावर स्प्रिंग धरून तसाच राहिला, गळ्यात वाळलेली माळ घालून.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात मापनाच्या खोलीत काम करते. इतरांची मोजमाप करायची साधनं खरं बोलतात का, ते तपासणं हे माझं काम. त्यामुळे कुंकवाचे ठिपके पाहून मी घाबरले नाही. आधी कारण शोधलं. आमच्या मागून हमरस्ता जातो. मालाने भरलेले कंटेनर गेले की पत्रे थरथरतात. थरथरीने नट सरकतात, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल.

पण थरथरीने नट सैल होतात.

पप्पांच्या अंत्यविधीनंतर मी शमशोनाभोवती एक साखळी घातली होती, दोन्ही पट्ट्यांना वेढून. हत्यार सुटलंच तर पट्टी उडू नये म्हणून. साखळी तेव्हा ताठ बसली होती. श्रावणात ती ओघळलेली होती. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधून पूर्वी पेन्सिल जायची. आता अडकत होती. नट सैल झाले नव्हते, आवळले गेले होते. मी पट्टीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. तिन्ही बाजूंनी सारखं, जसं फक्त पप्पांच्या हाताला जमायचं. मच्छिंद्रमामांचा हात जड, त्यांनी आवळलं की पट्टी नेहमी एका अंगाला कलायची आणि पप्पा म्हणायचे, "मच्छिंद्र, ही स्प्रिंग आहे, बैलाचं नाक नाही."

मी पांढऱ्या रंगाने प्रत्येक नटावर आणि वरच्या पट्टीवर मिळून एकेक सरळ रेघ ओढली. कारखान्यात असंच करतात. नट हलला की रेघ तुटते.

पुढच्या आठवड्यात तिन्ही रेघा तुटल्या होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, तिन्ही आवळायच्या दिशेला.

शेडची किल्ली स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला असते. आई दुपारी शेडमध्ये जाऊन बसते हे मला माहीत होतं. पप्पांच्या खुर्चीत, शमशोनापासून हातभर अंतरावर. गुडघ्याने अधू झालेली, सत्तरीची बाई. ती नट फिरवत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की ते आटे तुटले तर वरची पट्टी कुठे जाईल. खुर्ची बरोबर त्या वाटेत होती.

"तिथे बसू नकोस आई," मी म्हणायचे.

"मग कुठे बसू? चर्चमध्ये? तिथे सगळे विचारतात, कशा आहात. इथे कुणी विचारत नाही."

मी खुर्ची हलवून दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती परत जागेवर होती.

स्प्रिंग सोडायला हवी होती. पाव पाव फेरा करत, उलट दिशेने, सावकाश. मला येत होतं ते काम. लहानपणी पप्पांनी पाना माझ्या हातात दिला होता. पण मी सोडली नाही. मी मोजत राहिले. मोजत राहिलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. खरं कारण वेगळं होतं. पप्पांनी आवळलेलं या जगात तेवढं एकच उरलं होतं. त्यांच्या हातांचा जोर अजून त्या वेढ्यांमध्ये होता, अक्षरशः. भौतिकशास्त्रात त्याला नाव आहे आणि त्याचा आकडाही काढता येतो. सोडली की तो संपणार. पृथ्वीराज यांचा फोन आला की मी म्हणायचे, "बघू."

मच्छिंद्रमामा आता राहूलाच ट्रॅक्टरच्या गॅरेजात जातात, पण बाजाराच्या दिवशी आमच्याकडे डोकावतात. भाद्रपदात आले, तेव्हा मी त्यांना रेघा दाखवल्या.

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग दोन पावलं मागे सरले.

"म्या हात लावलेला न्हाई, ताई. खंडोबाची आन."

"मी तुमच्यावर संशय घेत नाही, मामा."

"घ्या की. त्यानं बरं वाटंल. मी असलो तर निदान कुणीतरी हाय." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, ह्ये लोखंड कुठलं? दौंडच्या रुळावरचं. रुळाच्या लोखंडाला गाडीची वाट बघायची सवय असती. मिस्तरी म्हनले व्हते सकाळी बसवू. ह्याच्या लेखी अजून सकाळ झालेली न्हाई."

"मामा, लोखंड वाट बघत नाही."

"मग आवळतंय कोन?"

मी नटांवर वाकले. नटांच्या खालच्या कडा आता खाचांना टेकल्या होत्या. मी भिंग घेऊन पाहिलं. एका खाचेशेजारी आट्यांवर चंदेरी भुकटी दिसली. आटे सोलायला लागले की अशी भुकटी पडते. मी साखळी पुन्हा ओढून घेतली, वर दुसरी घातली. शेडला नवं कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी कामावर मला एकही माप नीट घेता आलं नाही.

घरी आले तर आई ओट्यावर रडत बसलेली. "मला त्यांच्यापासून कुलूप लावतेस?"

मी किल्ली खिळ्याला परत लावली.

पितृपंधरवड्यातल्या शेवटच्या रविवारी, उपासनेहून आम्ही परतलो तर फाटकाशी टेम्पो उभा. मच्छिंद्रमामा पायरीवर आणि पृथ्वीराज शेडच्या दाराशी. चाळिशीचा, पांढरे बूट घातलेला माणूस. घरची ऊसशेती, चुलते सोसायटीचे चेअरमन. वागायला सरळ.

"काकू, रागावू नका," तो आईला म्हणाला. "पुण्यात एक गॅरेज बघितलंय. घट बसले की ते काम सुरू करतो म्हणाले. मामांना मीच बोलावलं, गाडी चढवायला. आमच्या वडिलांची, आबांची, नजर चाललीय. म्हणतात, डोळे आहेत तवर एकदा त्या गाडीत बसू दे रे, मग आंधळ्याला काय बैलगाडी अन् काय विलायती."

"गाडी तुमची आहे," आई म्हणाली. "न्या."

ती हे इतक्या सहज म्हणाली की मला तिच्याकडे बघवलं नाही. मी शेड उघडली. आत धूळ, ग्रीसचा वास, आणि स्टँडवर ती हिरवी गाडी, पुढचा एक पाय तुटल्यासारखी. पृथ्वीराज सरळ टेबलाकडे गेला.

"अन् ही स्प्रिंग पण घेऊ ना? आवळलेलीच आहे, त्यांचं काम वाचंल. मागं गोधडीत गुंडाळून टाकतो." त्याने वाकून वरच्या पट्टीला हात घातला.

"हात काढा!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पृथ्वीराजने विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला.

"ते आटे सोलत आलेत," मी म्हटलं. "एका खड्ड्यात टेम्पो आदळला तर ही पट्टी छपरातून बाहेर जाईल. मधे तुमचं डोकं असलं तर त्यातूनही."

"मग तुम्ही इतके दिवस घरात बॉम्ब ठेवलाय का, मॅडम?"

"व्हय, तसंच म्हना," मच्छिंद्रमामा दारातूनच म्हणाले. ते उंबऱ्याच्या आत येत नव्हते. "आन् पूजा उचललेली न्हाई अजून."

"मामा, वर्ष झालं!"

"म्हंजी वर्षभर मांडलेली हाय. मालकानं उचलायची असती. मालक गेला. आता येत्या खंडेनवमीला मी काय, पूजेवर पूजा मांडू? तसं कुनी करत न्हाई. अर्धं काम धरून बसलेल्या हत्याराला पुन्हा हळद लावली तर ते सोडत न्हाई कवाच."

पृथ्वीराज हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर थांबलं. त्याला पांढऱ्या रेघा दिसल्या होत्या. मी त्याला सांगितलं, त्या कशासाठी आहेत आणि कशा तुटल्या. सांगताना माझी नजर आईकडे गेली. ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली होती, साडीचा पदर मुठीत धरून.

"मी आवळते," ती म्हणाली.

पृथ्वीराज तिच्याकडे वळला.

"रोज नाही. दुपारी पत्रा तापला की हा कुरकुरतो. बाज कुरकुरते तसा. मला वाटतं, सुटतोय. ते म्हणायचे ना, कुरकुरलं तर जरा आवळ. मग मी पाना घालते आणि थोडं देते. तेवढं केलं की गप्प होतो." ती माझ्याकडे बघत होती, वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीसारखी. "घट्ट केल्यावर कसा सुटेल? मी तर सुटू नये म्हणूनच करत होते ना, नॅन्सी?"

घट्ट केल्यामुळेच तो सुटायला आला होता.  पण मला आधी हायसं वाटलं. हात होता, माणसाचा. आईचा. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले.

"तिन्ही नट तूच फिरवायचीस?"

"तिन्ही कुठे? हा एकच." तिने खुर्चीतून हात लांब केला आणि जवळच्या नटावर ठेवला. "तेवढाच पोचतो. पलीकडचे दोन टेबलाच्या त्या अंगाला. मला वाकवतं का आता?"

मी उठले. टेबलाचं ते अंग भिंतीकडे आहे, जेमतेम माणूस शिरेल एवढी फट सोडून. मधे गोल्याथची चौकट उभी. तिथे पोचायला माणसाला आडवं होऊन शिरावं लागतं. आईला ते शक्य नव्हतं. मी पाणसळ घेतली आणि वरच्या पट्टीवर ठेवली. एकच नट वर्षभर आवळला गेला असता, तर पट्टी केव्हाच कलली असती, स्प्रिंग केव्हाच निसटून गेली असती, आईच्या अंगावर.

बुडबुडा मधोमध होता.

"एकाला दिलं की तिघांना द्यायचं," मच्छिंद्रमामा हळूच म्हणाले. त्यांनी टोपी छातीशी धरली होती. "मिस्तरी दोघांना मागं ठेवायचे न्हाईत."

पृथ्वीराज बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

मी गोल्याथच्या मागे शिरले. भिंतीकडे ऊन कधीच येत नाही. मी शमशोनाच्या खालच्या पट्टीला हात लावला, गार. आईने आत्ताच हात ठेवला होता, तो नट, गार. मग पलीकडच्या दोन्ही नटांना एकेक हात लावला. तापमान बोटांनी मोजायचं नसतं, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. पण दोन्ही नट कोमट होते. एखादा पाना बराच वेळ मुठीत धरून नुकताच खाली ठेवावा, तेवढे कोमट.

त्याच वेळी शमशोन कुरकुरला. आईचा हात आपोआप टेबलाखालच्या लांब पान्याकडे गेला.

मी तिथूनच टेबलावरून वाकून तिच्या हातावर हात ठेवला. ती थांबली. इतक्या जवळून मला दिसलं, तिची नजर माझ्याकडे नव्हतीच. माझ्या मागे, भिंत आणि माझी पाठ यांच्यामधल्या वीतभर जागेकडे ती बघत होती, आणि तिचा चेहरा भ्यालेला नव्हता. मी मागे वळले नाही. मला एवढंच कळलं, की या घरातली दोन माणसं एकमेकांना सांभाळायच्या नादात वर्षभर हे लोखंड आवळत होती, दोघांनाही थांब म्हणणारं कुणी नव्हतं, आणि आता आट्यांमध्ये आणखी एका पाव फेऱ्याचीही जागा उरलेली नव्हती.

मी पाना तिच्या हातातून घेतला. वाळलेली माळ शमशोनाच्या गळ्यातून काढली. पाकळ्यांचा चुरा टेबलावर पडला. मामांनी दारात हात जोडले.

"मामा, आईला बाहेर घेऊन जा. पृथ्वीराज यांना सांगा, टेम्पो रिकामा परत जाईल, गाडी इथेच पुरी होईल आणि आबांना न्यायला मी स्वतः येईन."

आई उठेना. मग उठली. दारातल्या उजेडात दोघं पोचेपर्यंत मी थांबले. मग पाना पलीकडच्या नटावर बसवला, उलट्या दिशेने, आणि मागे न बघता, शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"पप्पा, हत्यारं आता माझी आहेत. तुम्ही हात काढा. मी सोडतेय."